कपाशीच्या काड्या यंदा जाळायच्या नाहीत असं ठरवलंय, पण मग करायचं काय?

गिरणाकाठ | १६ फेब्रुवारी

राम राम मंडळी. दोन वर्षं नुसता वाचतोय इथं, लिहायची वेळ शेजाऱ्याने आणली. गेल्या गुरुवारी भर दुपारी त्याने काड्यांचा ढीग पेटवला, वारं सुटलं, बांधावरचं वाळकं गवत धरत धरत आग आमच्या हद्दीत आली आणि मी ठिबकच्या नळ्या गोळा करून लिंबाखाली ठेवल्या होत्या, चार एकराच्या, त्यांचा वितळून एक काळा गोळा झाला. लिंबही एका अंगाने होरपळला. माणूस वाईट नाही, स्वतःच फवारणीची टाकी घेऊन पळत आला, निम्मे पैसे देतो म्हणाला, त्यामुळे ते भांडण इथं नको.

मुद्दा वेगळाय. रात्री जेवताना बायको म्हणाली, आपण पण तर दर साली हेच करतो, यंदा आपल्या आधी त्याने पेटवलं एवढंच. उत्तर नव्हतं माझ्याजवळ.

तर भडगाव तालुका, काळी भारी जमीन, ४ एकर कपाशी, २ एकर मका. मक्याचा चारा जातो, प्रश्न कपाशीचा. वेचणी संपली, फरदड (तीच झाडं राखून पुढचा बहार) घ्यायची नाही. दोन गाई आहेत, बैलजोडी मागच्या वर्षी विकली. विहिरीला मार्चअखेर गुडघाभर पाणी राहील. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत वावर मोकळं पाहिजे. उपटून बांधावर रचून ठेवू का, रोटाव्हेटर मारू का, ते काड्या कुजवायचं डिकंपोजर खरंच चालतं का? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच सांगा, युट्यूब मी पण पाहतो.

ठेचा_भाकर

वहिनींना नमस्कार सांगा. धागा त्यांच्या नावाने हवा होता.

शिरपूरची_ताई

उपटायच्या आधी मेंढ्या बसवा भाऊ. आमच्याकडे दरवर्षी साक्रीकडचे ठेलारी मेंढपाळ येतात, पाला, हिरवी बोंडं, अर्धवट उमललेल्या कवड्या सगळं खाऊन साफ करतात, वर लेंडीखत फुकट पडतं. आधी बसवायचं धान्य द्यायचो, आता पैसे घेतात पण परवडतं. फक्त शेवटची फवारणी केव्हा झाली ते त्यांना खरं सांगा. आमच्या गावात एकाने लपवलं आणि त्या बिचाऱ्याच्या पाच मेंढ्या गेल्या, तेव्हापासून तो मेंढ्यांचा वाडा आमच्या शिवारात उतरत नाही.

पुण्यातला_भुसावळकर

दिल्लीत दर नोव्हेंबरला काय होतं ते पाहता ना सगळे? हरित लवादाने २०१५ सालीच काड्या जाळायला बंदी घातलीय. पंजाबात हॅपी सीडर सारखी मशीन आली, आपल्याकडेच अजून काडेपेटी. शेतकऱ्यांनी मानसिकता बदलायला पाहिजे असं मला वाटतं.

तापीकाठ

भाऊ तो आदेश दिल्ली, पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेश, राजस्थान एवढ्यांपुरता होता. आणि पंजाबचं दुखणं वेगळं आहे. तिकडे भूजल वाचवायला २००९ च्या कायद्याने भाताची लावणी जूनमध्ये पुढे ढकलली, त्यामुळे भात निघतो उशिरा आणि गहू पेरायला दोन-तीन आठवडे उरतात, म्हणून पेटवतात. हॅपी सीडर भाताच्या उभ्या धसकटात गहू पेरतो. आपल्या कपाशीचं खोड अंगठ्याएवढं जाड, त्यात ते मशीन घातलं तर मशीनच भंगारात द्यावं लागेल.

आपल्याकडे फेब्रुवारी ते मे हातात असतो. आपण घाईने जाळत नाही, आळसाने जाळतो. मी पण त्यातलाच.

कोरडवाहू_पारोळा

आळस म्हणू नका आप्पा, लागलं मनाला. मी सांगतो काय झालं ते. मी लहान होतो तेव्हाही काड्या जळायच्याच, पण चुलीत. वेचणीच्या बायाच शेवटच्या दिवशी विचारायच्या, मालक काड्या आमच्या ना? उपटायची मजुरी द्यावीच लागत नव्हती, काडी हीच मजुरी होती, निम्म्या त्यांच्या निम्म्या आपल्या. घरामागे काड्यांची रास लागली की पावसाळा निघाला म्हणायचे. आता घरोघर सिलिंडर आलं, चांगलंच झालं, माझ्या मायचे डोळे धुराने अधू झाले तिला विचारा, पण काडीला जो मालक होता तो गेला. आते फुकट ल्या म्हनं तरी कोन्ही लेत नही. रोजाने बाया लावा, उपटा, भारे बांधा, ट्रॅक्टर लावा, आणि मग ते टाकायचं कुठं? काडेपेटी सगळ्यात स्वस्त पडते म्हणून माणूस काडेपेटी काढतो, त्याला मानसिकता म्हणायचं तर म्हणा.

आणि सालदार भेटत नाही ते वेगळंच.

शिरपूरची_ताई

तुम्हनी गोट खरी शे भाऊ.

काळीमाती

कृषी पदवी झालीय, माती परीक्षणाच्या लॅबमध्ये काम करतो आणि घरी ५ एकर आहे, त्यामुळे पुस्तकातलं आणि वावरातलं दोन्ही सांगतो, जरा लांबेल.

पहिलं म्हणजे बांधावर रचून ठेवू नका. गुलाबी बोंडअळी ह्या उरलेल्या कवड्यांत, दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांच्या आत झोपून राहते. पाऊस पडला, नव्या कपाशीला पात्या-फुलं आली की पतंग बाहेर. २०१७ च्या हंगामात राज्यभर काय झालं ते आठवतच असेल, बोंड वरून हिरवंगार आणि फोडलं की आत गुलाबी अळी. आपण काय करतो, जानेवारीत उपटतो, मे पर्यंत रास बांधावर ठेवतो, मग सवडीने पेटवतो. म्हणजे अळीला उन्हाळा आपल्याच खर्चाने काढू देतो. ताईंनी मेंढ्यांचं सांगितलं ते त्यासाठीच मोलाचं आहे, नागपूरची कापूस संशोधन संस्था पण शेवटच्या वेचणीनंतर जनावरं चारा असंच सांगते.

दुसरं, श्रेडर. ट्रॅक्टरला मागे जोडतात तो, ४५-५० एचपीचा ट्रॅक्टर लागतो, उभ्या कपाशीवरून फिरवला की बोटाएवढे तुकडे होतात आणि कवड्या पण चेचल्या जातात. नुसता रोटाव्हेटर मारला तर खोड तुटत नाही, वाकतं, गुंडाळतं आणि पात्यात अडकून बसतं.

तिसरं, ज्यावर लोक फसतात. काडीत कर्ब (कार्बन) भरपूर आणि नत्र (नायट्रोजन) एकदम कमी. गव्हाचा भुसा घ्या, त्यात एका भाग नत्राला ८० च्या आसपास कर्ब, आणि कुजवणाऱ्या जिवाणूंना पाहिजे २५-३०. उरलेलं नत्र ते कुठून आणणार? जमिनीतून ओढतात. म्हणून काड्या गाडलेल्या वावरात पुढचं पीक महिनाभर पिवळं दिसतं आणि लोक म्हणतात, बघा, जाळलं असतं तर बरं झालं असतं. पिकाने उपाशी राहू नये म्हणून आपणच नत्र द्यायचं. उसाच्या पाचटासाठी शिफारस आहे टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो जिवाणू. कपाशीची काडी एकरी साधारण टनभर निघते, म्हणजे तुमच्या ४ एकराला ३२ किलो युरिया, एका गोणीत भागतं. कपाशीची काडी पाचटापेक्षा लाकडी आहे, तिला वेळ जास्त लागेल.

राखेबद्दल पण सांगतो कारण कोणीतरी म्हणणारच. राख म्हणजे पोटॅश हे खरं, पण नत्र आणि गंधक धुरातून गेलेलं असतं, आणि आपल्या काळ्या जमिनीत पोटॅशची तशी ओरड नसते, सामू (पीएच) आधीच ८ च्या वर. आपल्या लॅबमध्ये येणाऱ्या कागदांवर कमी काय असतं? सेंद्रिय कर्ब. नेमकं तेच आपण पेटवतो.

गिरणाकाठ

एवढं सविस्तर कोणी सांगत नाही, धन्यवाद काळीमाती साहेब. श्रेडर आमच्या गावात नाही, दोन गावं सोडून एकाकडे आहे, तासाला १२०० म्हणतो आणि आधी दहा जणांचे नंबर लागलेत. डिकंपोजरचं राहिलं तेवढं.

काळीमाती

साहेब नका म्हणू. डिकंपोजर दोन आहेत, लोक घोळ करतात. एक गाझियाबादच्या राष्ट्रीय सेंद्रिय शेती केंद्राची बाटली, २०० लिटर पाणी, २ किलो गूळ, रोज काठीने ढवळायचं, आठवड्यात तयार. दुसरं पुसा डिकंपोजर, दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचं, बुरशीच्या कॅप्सूल, गूळ आणि बेसनात वाढवायच्या, ते मुळात भाताच्या तणसासाठी काढलं. दोन्ही जिवंत वस्तू आहेत, त्यांना ओल पाहिजे. एप्रिलमध्ये ४३ डिग्रीत भेगाळलेल्या वावरात फवारलं तर गूळ मुंग्यांना आणि पुण्य तुम्हाला. तुकडे आत्ता करा, कुजवायचं काम पहिल्या पावसावर सोडा, तेव्हा युरिया आणि जिवाणू द्या.

तापीकाठ

गूळ मुंग्यांना, हे बाकी खरं. मी मागच्या एप्रिलमध्ये चार ड्रम फवारले होते. जून उजाडला तरी काड्या जशाच्या तशा, उलट उधई (वाळवी) लागली.

रावेर_पिलबाग

कपाशीवाल्यांचं बरं आहे, तुमची काडी पेटते तरी. आमच्या केळीच्या खोडात ९० टक्क्यांच्या वर पाणी, जाळायची म्हटली तरी जळत नाही. मग रस्त्याच्या कडेला नाहीतर नाल्यात. पावसाळ्यात रावेर-यावलकडे गाडीने या, नाक धरून.

आम्ही आता माल कापला की खोड लगेच पाडत नाही. वरचा पालाच छाटतो, खोडातलं अन्नपाणी खाली पिलाला उतरतं, पिलबागेला (त्या पिलांवर धरलेल्या पुढच्या बागेला) त्याचा फायदा दिसतो. महिना-दीड महिन्याने वाळत आलं की कापून, उभं चिरून सरीत टाकतो. चिरायचं विसरू नका, अखंड खोड पडलं की सोंड्या किडीचं बाळंतपण तिथेच. काठेवाडी गुराखी उतरले असतील तर पाला आणि बरंचसं खोड त्यांच्या गाई खातात. फक्त मोझॅक व्हायरसचं झाड असेल तर त्याला ही दयामाया नाही, ते मुळासकट काढून लांब खड्ड्यात पुरायचं, मावा त्याच्यावरूनच दुसरीकडे जातो.

धाग्याच्या मशीनचं कोणी विचारेल म्हणून आधीच सांगतो. आमच्या एका बचत गटाने घेतलं होतं. खोडापासून धागा निघतो, चांगला निघतो, पण वजनाच्या मानाने अगदी थोडा, आणि मशीनपर्यंत जे वाहायचं ते नव्वद टक्के पाणी. पहिल्या वर्षी पेपरात फोटो, दुसऱ्या वर्षी ताडपत्री. खोडाच्या रसाचं द्रव खत मात्र नवसारीच्या कृषी विद्यापीठाने केलंय, त्यावर रस आणि धागा दोन्ही एकत्र बसवलं आणि मशीनच वावराच्या बांधावर नेलं तर जमेल असं माझं आपलं मत.

ठेचा_भाकर

केळीसाठी वेगळा धागा काढा हो. (कोटी चुकून झाली.)

शहाद्याचा_ऊस

पाचटाचं आमच्याकडे चार वर्षांपासून बंद केलं जाळणं. तोडणीवाल्या टोळ्या पेटवलेला ऊस मागतात, तोडायला सोपा म्हणून, तिथे भांडावं लागतं एवढंच. एक आड एक सरीत पाचट, वर काळीमाती म्हणाले तोच युरिया-सुपरचा हिशोब, खोडव्याला दोन पाणी कमी लागली आणि खुरपणीचं काम बरंच वाचलं. पण उसाला पाणी असतं म्हणून ते कुजतं, कोरडवाहू कपाशीला आमचं उदाहरण लागू करू नका, आमच्याच पाहुण्यांनी धुळ्याकडे करून पाहिलं आणि फसले.

हातभट्टी_कोळशाची

माझं नाव पाहून गैरसमज नको, मी बायोचार, म्हणजे जमिनीत टाकायचा कोळसा, करतो. वर रुंद खाली अरुंद असा खड्डा, तळाशी काड्या पेटवायच्या, वर पांढरी राख धरायला लागली की पुढचा थर, असं थरावर थर, शेवटी पाणी मारून विझवायचं. वरच्या ज्वाळेत धूर जळून जातो आणि खाली हवा नसल्याने कोळसा उरतो. काडीच्या वजनाच्या पाचवा हिस्सा वगैरे कोळसा भेटतो आणि तो जमिनीत वर्षानुवर्षं टिकतो. काड्या मात्र कडक वाळलेल्या पाहिजेत, ओल्या टाकल्या तर धूरच धूर.

कोरडवाहू_पारोळा

म्हणजे फिरून फिरून जाळायचंच ना भो? धाग्याचं नाव काय आहे वाचा.

हातभट्टी_कोळशाची

जाळणं आणि भाजणं यात फरक आहे.

काळीमाती

फरक आहे, पद्धत बरोबर आहे. दोन गोष्टी फक्त. कच्चा कोळसा तसाच वावरात टाकू नका, शेणकाला-गोमूत्रात पंधरा दिवस भिजवा, नाहीतर तो पण नत्र धरून बसतो. आणि बायोचार स्वतः अल्कधर्मी, आपल्या जमिनी पण तशाच, म्हणून शेणखतात मिसळून थोडाच वापरा. आसाम-कोकणच्या आंबट जमिनीचे व्हिडिओ पाहून खान्देशात ट्रॉलीने टाकू नका.

तापीकाठ

विकत का नाही कोणी? आमच्याकडे काड्यांचा भुगा दाबून कांड्या पाडणारा कारखानावाला येतो, पांढरा कोळसा म्हणतात त्याला, बॉयलरला जातो. स्वतःची माणसं, स्वतःचं मशीन, वावर मोकळं करून देतो. पैसे किरकोळ, पण खिशातून काही जात नाही. औष्णिक केंद्रांना पण कोळशात ५ टक्के असा जैवकोळसा मिसळायचं धोरण केंद्राने २०२१ मध्ये काढलंय, म्हणजे मागणी वाढेल असं म्हणतात.

काळीमाती

वाढेल. पण मग मातीला काय राहिलं? विकायचं तर त्या पैशाचं शेणखत तरी घ्या. (घेत नाही कोणी, मला माहितीय, मोबाईलचा हप्ता असतो.)

पुण्यातला_भुसावळकर

मानसिकता हा शब्द मागे घेतो. चुलीचं लक्षातच आलं नव्हतं, आजीच्या घरामागची रास डोळ्यासमोर आली. एक शंका, सगळ्यांनी सगळ्या काड्या बारीक केल्या तर हिवाळ्यात भरीत कशावर भाजणार? गॅसवरचं भरीत मी तरी खाणार नाही.

रावेर_पिलबाग

पूर्ण धाग्यातला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. बामणोदची वांगी, कपाशीच्या काड्या, आणि वर कांद्याची पात. पुण्यात काय भेटतं त्याला भरीत म्हणू नये.

शिरपूरची_ताई

तुरीच्या काड्यांवर पण छान भाजतात. त्यात अळीची भानगड नाही.

गिरणाकाठ | २३ जुलै

मंडळी, धागा वर काढतोय. पाच महिन्यांत काय काय झालं ते लिहितो, बरंच काही ठरवलं तसं झालं नाही.

ठेलारी भेटले, तीन रात्री मेंढ्या बसल्या. श्रेडरचा नंबर लागायला मार्चची १२ तारीख उजाडली, ३ एकर करून घेतलं, साडेचार तास. तिसऱ्या एकरात दगड लागला आणि दोन पाती गेली, त्यावरून अर्धा तास वाद, शेवटी निम्मं मी दिलं. श्रेडरसाठी महाडीबीटीवर (सरकारी अनुदानाच्या पोर्टलवर) आम्ही गटाने अर्ज टाकलाय, बघू. चौथा एकर कांड्यावाल्याला देऊ म्हणून ठेवला, तो आज येतो उद्या येतो करत आलाच नाही. एप्रिलच्या शेवटी बाया लावून उपटलं, गोठ्यामागे खड्डा केला, कोयत्याने जमेल तेवढं तोडून शेण, माती, काड्या असे थर दिले. सगळ्यात जास्त मजुरी ह्याच एकराला लागली आणि खरं सांगू, एक दिवस असा होता की काडेपेटी हातात घेतली होती.

तुकडे केलेल्या ३ एकरात मका केला, मक्याच्या २ एकरात आणि त्या उपटलेल्या एकरात कपाशी. पहिला पाऊस झाल्यावर युरिया टाकायचा होता तर दुकानात युरिया नाही. एक गोणी चुलतभावाकडून आणली, ती दोनच एकराला टाकली, म्हटलं गोणी आहे तर जरा हात सैल, तिसरा राहिला. आज मका २५ दिवसांचा आहे, आणि काळीमाती, तुम्ही म्हणाला ते एकदम उघड दिसतं. त्या राहिलेल्या एकराची रेघ ओढल्यासारखी पिवळी दिसते, रस्त्यावरून जाणारे विचारतात काय पेरलं म्हणून. काल युरिया भेटला, दिला.

उधई आली, तापीकाठ, पण काड्यांच्या तुकड्यांनाच लागली, मक्याला अजून तरी नाही. आणि एक, मागच्या आठवड्यात दोन तास धो धो कोसळला, शेजारच्या वावरातून गढूळ पाणी वाहून नाल्याला गेलं, आमच्याकडे तुकडे पसरलेले होते तिथे पाणी थबकून मुरत होतं. हे मी शोधायला गेलो नव्हतो, छत्री घेऊन मोटर बघायला गेलो तेव्हा दिसलं.

काळीमाती

पिवळ्या एकराला अजून पंधरा दिवस द्या, सुधारेल. खड्ड्यातलं उकरून पाहिलं का? आतून गरम लागतं का?

गिरणाकाठ

वरून हाताला कोमट लागतं, आत लोखंडी कांब खुपसून ठेवली होती ती काढली तर चटका बसला. जाड खोडं आहेत तशीच आहेत मात्र.

काळीमाती

मग चालू आहे काम. दिवाळीला एकदा पलटी मारा, पाणी शिंपडा. जाड खोडं पुढच्या उन्हाळ्यात चाळून परत नव्या खड्ड्यात.

तापीकाठ

शेजाऱ्याचं काय? नळ्यांचे पैसे दिले का?

गिरणाकाठ

दिले, मका विकल्यावर उरलेले देणार आहे. श्रेडरवाल्याचा नंबर घेऊन गेलाय, आमच्या दोघांचं एकत्र सांगितलं तर फेब्रुवारीतच येतो म्हणालाय तो.

पुण्यातला_भुसावळकर

आणि भरिताचं?

गिरणाकाठ

दोन भारे ठेवलेत छपरात टांगून. बायकोने एक एक कवडी तोडून चुलीत घातली त्यातली, मगच आत येऊ दिले. डिसेंबरात या, वांगी तुम्ही आणा.